आठ ब्लाऊज म्हणजे दोन हप्ते: गृहकर्ज देणाऱ्या बँकांना खुलं पत्र

प्रति,
गृहकर्ज देणाऱ्या बँकांचे व्यवस्थापकीय संचालक आणि शाखाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही तुमच्यापैकी एका बँकेचं वीस वर्षांच्या मुदतीचं २५ लाखांचं कर्ज काढून वन बीएचके घेतला. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे म्हणतील, आमच्याकडे असं होत नाही. आमच्या एकाच बिल्डिंगमध्ये चार बँकांचे कर्जदार आहेत, त्यामुळे कुठे काय होतं ते लिफ्टची वाट बघतानासुद्धा कळतं.

पहिला हप्ता गेला त्या रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर २४० चौकोन आखले. एका ओळीत बारा, अशा वीस ओळी. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. भिंतीवर लावला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसावं लागलं असतं. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज आला की लेक वरून एक चौकोन पेन्सिलीनं काळा करते. मध्येच आम्ही जास्तीचे पैसे भरले की मी खालून, शेपटाकडून, लाल पेनानं चौकोन खोडते. वरचं काळं आणि खालचं लाल जिथे भेटेल तिथे घर आमचं.

हप्ता होता १८,९३५ रुपये, व्याज ६.७० टक्के. पहिल्या हप्त्यातले १३,९५८ रुपये व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं ४,९७७. हे तोंडी कोणी सांगितलं नाही, पण कागदांच्या गठ्ठ्यात शेवटी कोष्टक जोडलेलं होतं. शिवणाऱ्या बाईला आकड्यांची भीती नसते, आमचं सगळं पाव इंचावरच चालतं. कोष्टक वाचल्यावर लक्षात आलं की कर्ज नवीन असताना हप्त्यातून मुद्दल अगदी थोडं फिटतं, म्हणून तेव्हा वर भरलेला पैसा शेपटाकडचं भरपूर कापतो. २५ हजार भरले की जवळजवळ पाच हप्ते उडणार होते, म्हणजे नव्वद हजार रुपये. ते वीस वर्षांनंतरचे नव्वद हजार, आजचे नव्हेत, एवढं मलाही कळतं. तरी कोण सोडेल?

मार्च २०२२ मध्ये माझी भिशी लागली. पंचवीसच्या पंचवीस हजारांचा चेक घेऊन मी शाखेत गेले. अर्ज लिहून दिला, शिक्का मारून पोच घेतली, घरी येऊन पाच चौकोन लाल केले आणि त्या दिवशी शिरा केला. पुढच्या महिन्यात मेसेज आला तेव्हा हप्ता १९० रुपयांनी कमी झाला होता. चौकोन होते तेवढेच.

मी परत शाखेत. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की अर्जात ‘मुदत कमी करा’ असं लिहिलं नसेल तर सिस्टीम आपोआप हप्ता कमी करते. मी विचारलं, अहो, १९० रुपयांसाठी कोणी भिशीचे पंचवीस हजार आणून देईल का? ती हसली. तिचा काही दोष नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा दोन फेऱ्या, आणि दोन महिन्यांनी मुदत कमी झाली.

तुमच्याकडे पहिलं म्हणणं इथेच मांडते. मुदतीआधी पैसे भरायला जो माणूस स्वतःच्या पायानं येतो तो लवकर सुटायलाच येतो. ज्याला हप्ता कमी हवा असेल तो तसं तोंडानं सांगेल. मग सिस्टीमला आधीपासून शिकवून ठेवायचं असेल तर मुदत कमी करायला शिकवा. आणि पैसे भरल्या भरल्या एक ओळीचा मेसेज पाठवा: ‘तुमचे इतके हप्ते कमी झाले.’ हप्ता थकला तर तुमचा मेसेज त्याच दिवशी येतो, म्हणजे मेसेज पाठवायची सोय तुमच्याकडे आहेच.

दुसऱ्या वेळची गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची. मिस्टरांच्या बोनसमधले १५ हजार बाजूला काढले होते. शाखेत जायचा कंटाळा म्हणून त्यांनी मोबाइलवरून थेट कर्जखात्यात पाठवले. पैसे गेले, खात्यात दिसलेही. आणि पुढच्या पाच तारखेला हप्ता कापला गेला फक्त ३,९३५ रुपयांचा. आमचे १५ हजार म्हणे ‘आगाऊ हप्ता’ म्हणून धरले होते. महिनाभर मुद्दलाला हातही न लावता ते तिथे पडून राहिले आणि पुढच्या हप्त्यात वळते झाले. मिस्टर म्हणाले, जाऊ दे, बुडाले तर नाहीत ना. बुडाले नाहीत खरे, पण ज्यासाठी पाठवले होते ते झालं नाही. वाचलेले १५ हजार मी दुसऱ्याच दिवशी चेकनं शाखेत नेऊन भरले. अजून एक रविवार घरात राहिले असते तर संपले असते.

हे संपण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. तुमच्या ॲपमध्ये ‘अंशतः मुदतपूर्व परतफेड’ असं एक बटण आहे. ते दाबलं की खाली लिहून येतं, किमान रक्कम एका हप्त्याएवढी. शाखेत चेकनं कमी रक्कम घेतात, पण साहेब जागेवर असतील तर. एकदा चार हजारांचा चेक बघून साहेब म्हणाले, ‘ताई, एवढ्याशासाठी कशाला हेलपाटा घालता? साठवा आणि एकदम भरा.’ ते चांगल्या मनानंच बोलले. पण साहेबांच्या घरी पैसा पगाराच्या तारखेला येतो. आमच्याकडे पगार येतो आणि त्याशिवाय चिल्लर येते. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू, तेव्हा माझ्याकडे आठवड्याला तीन-चार हजारांचं काम असतं. पितृपक्षात मशीनवर कापड झाकून ठेवावं लागतं. हे पैसे मी तांदळाच्या मोठ्या डब्यात, कागदी पाकिटात घालून ठेवते.

डब्यातला पैसा डब्यात राहत नाही. २०२३ च्या जून-जुलैचं पान माझ्या वहीत आहे, त्यातलं थोडं सांगते. पाकिटात ११,४०० होते. मुलाच्या वह्या-पुस्तकांना आणि दप्तराला ३,१००. रिक्षावाल्या काकांनी महिन्याला दोनशे वाढवले. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याचा आहेर १,१०० आणि जाण्यायेण्याचं भाडं. मिक्सरचं भांडं फुटलं. टोमॅटो शंभरीच्या पुढे गेले होते. नाशिकमध्ये राहून आम्ही भाजीत चिंच घालत होतो. ऑगस्टमध्ये पाकीट उघडलं तर २,३०० निघाले. एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता. पण हेच पैसे येतील तसे दीड हजार, दोन हजार करून कर्जात टाकता आले असते, तर निम्मे तरी तिथे पोहोचले असते, आणि आहेर अकराशेऐवजी पाचशेचा झाला असता. पैसा हातात नसला की माणूस निभावून नेतो. हातात असला की खर्चाला तोंडं फुटतात. ही गोष्ट तुमच्या मार्केटिंगवाल्यांना पक्की ठाऊक आहे, म्हणून तर म्युच्युअल फंडाची एसआयपी शंभर-पाचशे रुपयांपासून घेता. कर्जफेड मात्र वीस हजारांच्या खाली नको.

आता २०२३ चं बोलते. हे पत्र खरं म्हणजे त्या वर्षानं लिहायला लावलं.

मे २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती तुम्हा बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्के होता. ४ मेला तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर गेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. आमचं कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे ६.७० चे ९.२० झाले. दर वाढणार हे सहीच्या कागदात होतं, त्याबद्दल तक्रार नाही. व्याज चढत होतं तरी हप्ता तेवढाच कापला जात होता, म्हणून आम्हाला घरात काही जाणवलं नाही. आत काय चाललं होतं ते एप्रिल २०२३ मध्ये कळलं. मुद्दल चोवीस लाखांच्या आसपास होतं, त्यावर महिन्याचं व्याज १८,४०० झालं होतं आणि आमचा हप्ता होता १८,९३५. म्हणजे साडेअठरा-एकोणीस हजार भरायचे आणि कर्ज फिटायचं ५३५ रुपयांनी! त्या चालीनं कर्ज फिटायला आणखी एकोणचाळीस वर्षं लागली असती.

बँकेनंही तो हिशोब केला असणार, कारण त्या महिन्यात हप्ता १९,८५७ झाला. मेसेज तेवढाच आला. मुदतीचं काय झालं ते बघायला मला स्टेटमेंट काढावं लागलं. उरलेले हप्ते: ३४२. मी सतरा हप्ते भरले होते. वर चाळीस हजार भरले होते. मूळ २४० मधून १७ गेले तर उरतात २२३, आणि लाल पेनानं खोडलेले त्याहून वेगळे. बँकेनं ११९ चौकोन वाढवले आणि मला विचारलं नाही.

रात्री मी मापं लिहायच्या वहीची पानं फाडून, दहा ओळी आखून, मूळ कागदाच्या खाली चिकटवल्या. कागद कपाटाच्या दारापेक्षा लांब झाला, खालचा भाग दुमडून ठेवावा लागला. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, हा केव्हा? म्हटलं, २०५१. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, ‘तेव्हा मी अडतीस वर्षांची असेन.’ मिस्टर तेव्हा सत्तर वर्षांचे असतील, हे मी मोजलं पण बोलले नाही.

मुदत तेवढीच ठेवायची असती तर हप्ता किती झाला असता, ते मी नंतर काढलं. २२,४९७. म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षा साडेतीन हजार जास्त. अवघड होतं, अशक्य नव्हतं. त्या दिवशी कोणी फोन करून विचारलं असतं की ताई, १९,८५७ चे ३४२ हप्ते घेता की २२,४९७ चे २२३, तर मी एक दिवस मागून घेतला असता, रात्री वही काढली असती आणि सकाळी दुसरा आकडा सांगितला असता. दर तोच राहिला असं धरलं तर दोन्हींच्या बेरजेत पावणेअठरा लाखांचा फरक पडतो. पावणेअठरा लाखांचा निर्णय, आणि तो आमच्या वतीनं संगणकानं घेतला.

याच वेळी एक उलटी गंमत माझ्या लक्षात आली. १९,८५७ च्या हप्त्यातून मुद्दल फिटत होतं १,४५७. मग वर तीन हजार भरले तर किती हप्ते जातील? दोन! अस्तराचा ब्लाऊज मी तेव्हा पावणेचारशेला शिवायची. आठ ब्लाऊज म्हणजे दोन हप्ते. आठ ब्लाऊज शिवले की २०५१ मधले जवळजवळ चाळीस हजार रुपये पुसले जाणार. व्याज सगळ्यात चढलेलं असतं तेव्हा छोटी रक्कम सगळ्यात जास्त कापते. आणि नेमकं त्याच वेळी तुमचं ॲप म्हणतं, किमान १९,८५७.

२०१२ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केला. त्याआधी लवकर फेडणाऱ्यालाच भुर्दंड पडायचा. २०१४ मध्ये तीच सवलत बदलत्या दराच्या इतर वैयक्तिक कर्जांना मिळाली, आणि २०२६ च्या १ जानेवारीपासून छोट्या उद्योगांच्या कर्जांनाही. चांगलंच झालं. पण दंड गेला आणि हेलपाटे राहिले. अर्धा दिवस मशीन बंद ठेवून शाखेत जायचं, साहेब नसतील तर परत यायचं, हा माझ्यासाठी तीन-चारशे रुपयांचा दंडच झाला. फक्त त्याची पावती मिळत नाही.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं दुसरं परिपत्रक काढलं. दर बदलला की कर्जदाराला विचारायचं: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. मध्येच कधीही थोडे किंवा सगळे पैसे भरायची मुभा द्यायची. दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, दर काय, हे कळवायचं. जुन्या कर्जदारांनाही वर्षअखेरपर्यंत हे सगळं लागू करायचं. मी ते परिपत्रक दोनदा वाचलं. आमच्या स्वयंपाकघरात बसून कोणीतरी लिहिल्यासारखं वाटलं, फक्त चार महिने उशिरा.

ते छापून घेऊन मी डिसेंबरमध्ये शाखेत गेले आणि हप्ता २२,५०० करून घेतला. या वेळी काम एका फेरीत झालं, तेही सांगायला हवं. पण मी परिपत्रक वाचलं होतं म्हणून गेले. आमच्या मजल्यावरच्या आजोबांचं सह-कर्जदार म्हणून नाव आहे, त्यांना तिमाही स्टेटमेंट इंग्रजीत येतं, ईमेलवर, पासवर्ड लावून. त्यांनी एकदाही उघडलेलं नाही. कर्ज देताना तुमचा माणूस त्यांच्या घरी येऊन, चहा पिऊन, अस्खलित मराठीत सगळं समजावून गेला होता. मग दर बदलल्याचं पत्र मराठीत का येत नाही? एकच पान हवं. डावीकडे हप्ता, उजवीकडे मुदत, खाली दोन चौकटी. ज्यात खूण करतील ते लागू.

चुका माझ्याही झाल्या. हप्ता वाढवला त्याच महिन्यात झपाटल्यासारखे मी पाकिटातले १८ हजार कर्जात टाकले. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हातात वीस हजार कमी पडले आणि मला पाटली गहाण टाकावी लागली, पतसंस्थेत, बारा टक्क्यांनी. सव्वानऊ टक्क्यांचं कर्ज फेडायच्या नादात बारा टक्क्यांचं काढलं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, ‘घर सोडवायला निघालीस आणि पाटली अडकवलीस.’ बोलणं लागलं, पण खरं होतं. तेव्हापासून तीन हप्त्यांएवढे पैसे आधी एफडीत आणि मग कर्जाचं बघायचं, असं ठरवलंय. एफडी मोडली तर ती भरून निघेपर्यंत लाल पेन हातात घ्यायचं नाही.

पण यातून एक प्रश्न तुमच्यासाठीही निघतो. काही बँकांकडे असं गृहकर्ज आहे की वर भरलेले पैसे खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि अडीनडीला काढताही येतात. त्याला दर थोडा जास्त असतो म्हणे. हे मला पाटली गहाण टाकल्यानंतर एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं, त्यांचे यजमान बँकेत आहेत. कर्ज घेताना आम्हाला त्याचा एक शब्द कोणी सांगितला नव्हता. विमा मात्र दोनदा समजावला होता. ज्यांची कमाई चिल्लरीत येते आणि संकटं ठोक येतात, अशांना हे खातं सगळ्यात उपयोगी. ते मोठ्या कर्जवाल्यांपुरतं का ठेवता?

धाकटे दीर म्हणतात, वहिनी, कर्ज फेडू नका, टॅक्स वाचतो. भाऊजी, तुमचा वाचत असेल. दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट आयकराच्या जुन्या पद्धतीत आहे. राहत्या घरासाठी ती नव्या पद्धतीत नाही, आणि आमच्या पगारावर तसाही कर बसत नाही. त्यांचं दुसरं म्हणणं, एसआयपीत बारा टक्के मिळतात. मिळतही असतील. पण तिथले बारा कोणी लिहून देत नाही, आणि इथले सव्वानऊ दर महिन्याला पाच तारखेला लिहून कापले जातात.

तरी मी हट्टीपणानं सगळं कर्जातच ओतते असं नाही. लेकीचं पोस्टात सुकन्या खातं आहे, त्यावर ८.२ टक्के मिळतात. कर्ज ९.२० ला होतं तोवर त्यात वर्षाचे कमीत कमी अडीचशे टाकून मी ते फक्त जिवंत ठेवलं होतं. गेल्या वर्षी रेपो उतरायला लागला, फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि मग डिसेंबर, असं करत ५.२५ वर आला. आता आमचं कर्ज ७.९५ ला आहे. म्हणजे पारडं फिरलं. गेल्या महिन्यात लगीनसराईचे पैसे आले तेव्हा मी पहिल्यांदा निम्मे सुकन्यात टाकले. हिशोब असा दर तिमाहीला बदलतो, आणि तो करायला मला तुमच्याकडून दोनच आकडे वेळेवर हवे असतात: दर किती आणि उरले किती.

या उतरत्या दराच्या वेळी आमच्या बँकेनं हप्ता २२,५०० च ठेवला आणि मुदत आपोआप घटत गेली. मला तेच हवं होतं. पण शेजारच्या विंगमध्ये दुसऱ्या बँकेनं न विचारता हप्ताच उतरवला. त्या बाईंना वाटलं लॉटरी लागली. मी त्यांना सांगितलं, जुनाच हप्ता चालू ठेवा. त्या म्हणाल्या, आता हजार रुपयांचं दूध लावलंय. झालं! दूध एकदा लावलं की बंद होत नाही.

जाता जाता, कर्ज संपल्यानंतरचंही बोलून ठेवते. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका निवृत्त मास्तरांनी गेल्या वर्षी ग्रॅच्युइटीतून कर्ज फेडलं. कागद सव्वादोन महिन्यांनी मिळाले, दुसऱ्या शहरातल्या गोदामातून यायचे होते म्हणे. भरपाईचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर कागद अजून लांबतील अशी भीती वाटली त्यांना. ज्या माणसानं वीस वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, त्याला स्वतःच्या घराचे कागद मागताना भीती का वाटावी, हे तुमच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारा.

तर मागणं असं आहे. पाचशे रुपयांपासून कितीही, कधीही, मोबाइलवरून कर्जाच्या मुद्दलात भरता यावेत. ते त्याच दिवशी मुद्दलातून वजा व्हावेत, आगाऊ हप्ता म्हणून लटकू नयेत. कमी व्हायची ती मुदत व्हावी. दर बदलला तर मराठीत विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर मुदत वाढवण्याआधी एक फोन तरी करावा. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून आम्हाला महिन्याला चार फोन येतात, त्यातला एक इकडे वळवा.

आज कपाटाच्या दारातल्या कागदावर ५१ चौकोन काळे आहेत. उरलेत १५१. मूळ हिशोबानं १८९ उरायला हवे होते, म्हणजे आम्ही ३८ नं पुढे आहोत, मधल्या त्या ११९ च्या धक्क्यासकट. चार वर्षांत वर भरलेले पैसे १ लाख ४६ हजार, आणि बाकीचं काम वाढवलेल्या हप्त्यानं केलं. मापाच्या वहीची चिकटवलेली पानं मागच्या महिन्यात काढून टाकली, पण तिथे डिंकाचे डाग राहिलेत आणि कपाट उघडलं की दिसतात.

आता कर्ज थोडं जुनं झालंय. हप्त्यातले ८,२०० च्या वर मुद्दलात जातात, त्यामुळे आठ ब्लाऊजमध्ये दोन हप्ते जायचे दिवस गेले. आता तेवढ्यात एक चौकोनही पुरता खोडला जात नाही. ते स्वस्ताईचे महिने मी पाकिटात पैसे साठवण्यात घालवले, कारण बटण दाबलं जात नव्हतं.

सध्या लगीनसराई आहे. एका नवरीकडचे अकरा ब्लाऊज शनिवारी देऊन झाले, पैसे पाकिटात आहेत, आणि सोमवारपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलंय. सोमवारी साडेदहाला चार हजार दोनशेचा चेक घेऊन शाखेत येते. साहेब जागेवर असावेत एवढी विनंती.

आपली,
एक कर्जदार
पाथर्डी फाटा, नाशिक
फेब्रुवारी २०२६